ढगाआडची भिंत

मी पृथ्वीचे फोटो काढणारा उपग्रह बोलतोय, सातशे किलोमीटरवरून. मान वर करू नका, दिवसा मी दिसत नाही.

माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या खोलीत झाला. माझ्या आरशावर श्वास पडू नये म्हणून माणसं तोंड बांधून वावरायची. एवढं जपलेलं लेकरू, आणि एक दिवस अग्निबाणावर बसवून कायमचं घराबाहेर काढलं.

सुमारे शंभर मिनिटांत माझी एक प्रदक्षिणा होते. कुठल्याही गावावर मी सकाळी साडेदहाच्या सुमारासच येतो, म्हणजे उन्हाचा तिरपेपणा फारसा बदलत नाही आणि जुना-नवा फोटो ताडून पाहता येतो. पान पिवळं पडण्याआधीच त्याचा आजार मला कळतो. ओली माती मला काळी दिसते. ढगांपुढे मात्र माझं काही चालत नाही.

माझे फोटो वाचणाऱ्या बाईला ऑफिसात सगळे 'घार' म्हणत. तिचा धाकटा भाऊ एका खाणीत डंपर चालवायचा. खाणीचा गाळ मातीच्या उंच भिंतीने अडवलेला, आणि भिंतीखालीच कामगारांची वस्ती. भाऊ बायको-पोरीसह तिथेच राहायचा.

त्या महिन्यात आभाळ सतत भरलेलं होतं. ऑफिसची रीत अशी, की फोटोत ढग जास्त असले की यंत्र तो बाजूला टाकतं आणि नकाशात मागचा स्वच्छ तुकडा जोडतं. घारीने एकदा ते टाकलेले फोटो उपसले. एका फाटक्या ढगातून भिंतीचा पायथा दिसत होता. काळा.

"साहेब, भिंत पाझरतेय."

"अगं, नुसते ढग आहेत. नकाशात बघ, कोरडी ठणठणीत आहे."

"नकाशातला तुकडा उन्हाळ्यातला आहे."

"असला घाणेरडा फोटो खाणवाल्यांना पाठवू? हसतील आपल्याला. आभाळ उघडू दे, मग बघू."

तिने भावाला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता तिघं इकडे या."

"ताई, मुकादमाने नकाशा पाहिलाय, काही झालेलं नाही म्हणतो. खाडा केला तर घरी बसवतील."

"निदान त्या दोघींना पाठव."

"बरं बाई. रविवारी आणून सोडतो."

आभाळ शनिवारी उघडलं. मी नेहमीच्या वेळी वर आलो. एकही ढग नव्हता. भिंतही नव्हती. वस्तीच्या जागी तपकिरी पट्टा दूरवर पसरला होता. यंत्राने तो फोटो लगेच नकाशात जोडला. साहेबांनी तो सगळीकडे पाठवला. फार स्पष्ट आलाय, असं लोक म्हणाले.

घार तो फोटो मोठा करत गेली, शेवटी नुसते चौकोन उरले. तिच्या भावाचं घर माझ्या फोटोत एवढंसंच होतं, एक ठिपका. त्याहून जास्त मी तिला काही देऊ शकलो नाही.

आता तिच्या खुर्चीवर दुसरंच कोणी बसतं. रीत तीच आहे. माझं इंधन संपत आलंय; लवकरच मला खाली ओढून समुद्रावर जाळतील. त्याचं दुःख नाही. पण तुमचा तो लख्ख नकाशा मिटा आणि आजच त्या टाकलेल्या फोटोंत हात घाला. काल सकाळी मी एक पाठवलाय. दुसरा डोंगर, दुसरी भिंत. ढग आहेत, पण मधल्या फटीत पायथा काळा दिसतोय, आणि खालच्या वस्तीत माणसं आहेत.