मराठीत मागेल त्यालाच

मित्रांनो, मी खिचडी वाढायचा डाव. जुना, पितळेचा, दांड्यात जरासा वाकलेला. तांबटानं मला ठोकून घडवलं ते लग्नाच्या पंगतींसाठी. पण गेली अठरा वर्षं मी पावसजवळच्या एका वाडीतल्या शाळेत, मुलांचं जेवण रांधणाऱ्या जनीकाकूंच्या हातात आहे. काकू दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण शाळेत शब्द त्यांचाच. "मास्तर बदलतात, मी नाय बदलत," असं म्हणून मला पातेल्यावर आपटायच्या. मलाही ताठा होता. भुकेल्या पोरांची रांग आपल्यासमोर उभी राहिली की कोणाला येणार नाही?

वाडीतली पोरं एकेक करून रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत चढली. आमच्या पटावर उरली ती बहुतेक आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी माणसांची पोरं. पालकांच्या सभेत पहिलीच्या शिक्षिका वैदेहीबाई म्हणाल्या, "पहिलीच्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत समजू दे, बरोबरीनं मराठी शिकवू. पहिलीतल्या सिर्जनाची आई वर्गात बसून मदत करायला तयार आहे."

कुजबुज सुरू झाली. पावसाळ्यात ही माणसं आपल्या गावाला जाणार, कशाला हे लचांड? आपल्या पोरांचं मराठी बिघडलं म्हणजे? जनीकाकू मला हातात घेऊनच उठल्या.

"बाई, तुम्हाला पुस्तकं ठाव, मला पोरं ठाव. पोटात भूक असली की जीभ आपसूक वळते. उद्यापासून मराठीत मागेल त्यालाच वाढीन. नि ती त्यांची बोली शाळेत नको म्हणजे नको."

लोक हसले. सभा उठली.

सिर्जना सहा वर्षांची. दोन दिवस ती थोरल्या बहिणीच्या ताटलीत जेवली. तिसऱ्या दिवशी ताटली पुढे करून घडाघडा म्हणाली, "मला खिचडी वाढा, काकू."

"बघा बाई! आली की नाय मराठी?" काकूंनी तिला एक डाव जास्त वाढला. मी फुशारलो.

मार्चमधल्या एका सकाळी ती धावत स्वयंपाकखोलीच्या दारात आली. उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरलेला, ओठ पांढरे पडलेले.

"मला खिचडी वाढा, काकू."

"अगो, आता कुठली खिचडी? तांदूळ कच्चे हायत अजून."

"मला खिचडी वाढा. मला खिचडी वाढा."

"खादाड मेली! पळ वर्गात!" काकूंनी मला उगारलं. माझ्याच टोकानं तिला बाहेरचा रस्ता दाखवला.

ती वर्गात गेली नाही. अर्ध्या तासानं बाईंना सापडली ती कुंपणाच्या गडग्याच्या चिऱ्यांपाशी, घामानं भिजलेली, ओकलेली. शेजारच्या बागेतून तिची आई धावत आली. आईला बघताच पोरीनं टाहो फोडला, "बिच्छी! बिच्छीले टोक्यो!"

"विंचू?" काकू किंचाळल्या. "अगो, मग मघाशीच का नाय बोललीस?"

तिला रिक्षात बसवता बसवता वैदेहीबाई म्हणाल्या, "कशी बोलणार, काकू? तुमच्यापुढे बोलायला तिच्याजवळ एकच वाक्य होतं."

रिक्षा गेली. काकू मला हातात घेऊन तशाच उभ्या. बिच्छी. हा एक शब्द मघाशी तिच्या तोंडून निघाला असता, तर काकूंना तेव्हाच कळलं असतं. तो आम्हीच बंद केला होता.

तीन दिवस सिर्जना रत्नागिरीच्या इस्पितळात होती. वाचली. काकू रोज जायच्या आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून परत यायच्या. तिच्या आईसमोर जायचं धाडस त्यांना होईना.

पुढच्या सभेत त्या रिकाम्या हातानं उठल्या. "त्या पोरीच्या आयशीला वर्गात बसवा. अट माझी होती, चूक पण माझीच."

"जनी, तू हरलीस गो!" मागून वाडीतला बाबल्या ओरडला.

"नुसती हरले असते तर बरं होतं रे, बाबल्या. मला लाज वाटत्येय."

कोणी हसलं नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात काहीतरी वाढायचं येईल. अन्न असेल, विद्या असेल. समोरचा कुठल्या बोलीत मागतो, हे तपासत बसू नका. आधी वाढा.

सिर्जना आता वर्गात दोन्ही भाषांत बडबडते. जेवायच्या रांगेत मात्र गप्प असते. काकू काही न विचारता मला पातेल्यातून वर काढतात, आणि मी दिसलो की ती पोर अजूनही एक पाऊल मागे सरते.