पालक, वय वर्षं ऐंशी

विद्यापीठाच्या खिडकीतल्या कारकुनाने तिसऱ्यांदा अर्ज परत सरकवला आणि अकराव्या रकान्यावर पेनाचं टोक आपटलं.

"पालकाची सही. मागच्या वेळीच सांगितलं होतं ना?"

"केलीय की," भिंगताई म्हणाली. "मीच केलीय."

"विद्यार्थीही तुम्ही आणि पालकही तुम्हीच? असं नाही चालत, बाई. दोन्हीकडे एकच नाव टाकलं की संगणक अर्ज घेतच नाही."

"अहो, मी बावन्न वर्षांची आहे. आता माझं पालनपोषण कोण करणार?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन मुली खुदकन हसल्या. कारकून हसला नाही. "नवरा?"

"लग्न केलं नाही."

"वडील?"

"वारले."

"आई?"

"आहे. ऐंशीची."

"मग आईला घेऊन या," तो म्हणाला आणि त्याने पुढच्या मुलीला हाक मारली. त्याच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. आर्थिक साहाय्याचे अर्ज पुढच्या शुक्रवारी बंद होणार होते, आणि ऐंशीच्या बाईला जिने चढवून इथे कोण आणतंय!

भिंगताई एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काम करायची. एकोणतीस वर्षं ती काचा घासत आली होती. त्यांचा नंबर तपासायचा, खूण करायची, कडा घासून त्या फ्रेममध्ये बसवायच्या. त्या खोलीत एक दिवा होता, एक नळ होता आणि काचेची भुकटी होती. भिंगताई हे नाव तिला कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. पुढच्या खोलीत डोळे तपासायला पदवीवाला तरुण बसायचा. त्याच्या चिठ्ठ्यांत महिन्याला चार तरी चुका निघत. एकदा त्याने काचेचा कोन एकशे ऐंशीऐवजी अठरा लिहिला. तशी काच बसवली असती तर गिऱ्हाइकाला समोरचा जिना तिरपा दिसला असता. भिंगताईने चिठ्ठी परत पाठवली. त्याने शून्य वाढवलं, सही केली आणि वर सुनावलं, "तुम्ही काचा घासा. तपासायचं काम माझं."

"मग तपासत जा," ती तोंडावर म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने विद्यापीठात चौकशी केली. दृष्टितपासणीच्या पदवीला वयाची अट नव्हती. प्रवेश परीक्षेत ती एकशे चाळीस जणांत एकोणिसावी आली. फी मात्र तिच्या सात महिन्यांच्या पगाराएवढी, दरवर्षी.

म्हणून हा अर्ज होता.

रविवारी मोठा भाऊ आला, तेव्हा टेबलावरचे कागद त्याने उचलून पाहिले.

"या वयात शिक्षणासाठी कर्ज? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अर्धी शिष्यवृत्ती मिळेल. उरलेल्याचं कर्ज."

"आणि फेडायचं कुणी? शेवटी माझ्याच गळ्यात येणार. लोक तर हसतीलच."

"हसू दे की, दादा. हसायला फी लागत नाही."

भावाने सूर बदलला. तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीत त्याचा एक हिशेब असायचा. "हे बघ, जामीन लागला तर मी राहतो. पण मग आईला माझ्याकडे येऊ दे. हे घर भाड्याने देऊ, म्हणजे हप्त्यांची काळजी नाही. तू एखादी खोली बघ. एकटीला कितीशी जागा लागते?"

भिंगताई काही बोलणार, तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या आईने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"ती खिडकी किती वाजता उघडते गं?"

"कोणती खिडकी, आई?"

"तुझ्या त्या कारकुनाची."

आई तेहतीस वर्षं टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होती. साहेबांपासून शिपायापर्यंत साऱ्यांचे आवाज तिने कानांवर झेलले होते. कोण खरंच कामात आहे आणि कोण टाळतंय, हे तिला पहिल्या दोन शब्दांत कळायचं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला दोघी रांगेत उभ्या राहिल्या. आईने ठेवणीतले बूट घातले होते. जिन्यात ती चार वेळा थांबली, पण भिंगताईचा हात तिने एकदाच धरला. रांगेतल्या पोरींनी वाट करून देऊ केली, तर म्हणाली, "नको. नंबर येईल तेव्हा जाऊ. फक्त एक खुर्ची आणा."

नंबर आला. कारकुनाने आधी भिंगताईकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"या कोण?"

"पालक," आई म्हणाली. "तुम्हीच बोलावलं होतंत."

"आजी, ते मी आपलं..."

"आजी नाही. पालक. कुठे सही करायची?"

त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. पालकाचं उत्पन्न हवं होतं. आईने निवृत्तिवेतनाचा कागद काढला. ओळखपत्र हवं होतं. तेही निघालं. मग त्याने हुकमाचा शेवटचा पत्ता टाकला. "पालकाचं वय पासष्टच्या आत असावं असा संकेत आहे."

"संकेत की नियम?"

"म्हणजे... सहसा..."

"लिहिलेलं दाखवा."

लिहिलेलं नव्हतं. आई काठी टेकून उठली. "तुमच्या वर कोण आहे? तिकडे लाइन जोडून द्या."

विभागप्रमुख बाई दार उघडून बाहेर आल्या, कारण आता रांगेतली पोरंही बोलायला लागली होती. त्यांनी अर्ज वाचला, भिंगताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नरमाईने विचारलं, "पण या वयात पदवी कशासाठी हवी तुम्हाला?"

"रांगेतल्या अठरा वर्षांच्या मुलीला हे विचारलंत का?" भिंगताई म्हणाली. आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं, पण तिने तो उतरवला नाही. "मी एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करतेय. आता चष्म्याच्या चिठ्ठीवर सही माझी हवी. तेवढ्यासाठी."

बाईंनी अर्जावर शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्धी फी माफ झाली होती. कर्ज मात्र नाकारलं होतं. साठीच्या आत फेडण्याची अट होती आणि कमावता जामीनदार हवा होता. भावाने त्याच दिवशी फोन केला. त्याची तयारी अजून होती. अटीही त्याच होत्या.

त्या संध्याकाळी भिंगताई बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. हो म्हणणं किती सोपं होतं! खोली काय, कुठेही मिळाली असती. पण आई भावाच्या घरी कोपऱ्यातल्या पलंगावर सामानासारखी बसलेली तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि तिने फोन उचलला.

"दादा, तुझी सही तुझ्याजवळच ठेव."

"मग पैसे कुठून आणणार?"

"कुठूनच नाही. कमी शिकेन."

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठात गेली आणि निम्मेच विषय घेता येतात का ते विचारून आली. येत होते. तीन वर्षांऐवजी सहा वर्षं लागणार होती, आणि माफी वजा जाता वर्षाला जी फी उरत होती, ती पगारातून ओढाताण करून का होईना, भरता येणार होती. तिथून ती थेट दुकानमालकाकडे गेली.

"आठवड्यातून तीन सकाळी मी नसेन. त्याऐवजी संध्याकाळी थांबेन."

"असं नाही जमायचं," मालक म्हणाला.

"मग पदवीवाल्याला काचा घासायला बसवा. मी शिकवीन त्याला."

मालकाने पुढच्या खोलीकडे पाहिलं, लांब श्वास सोडला आणि वेळापत्रक मागितलं.

पहिल्या सत्रातल्या दोन विषयांपैकी प्रकाशशास्त्रात ती वर्गात पहिली आली आणि शरीररचनेत साफ नापास झाली. डोळ्याच्या नसांची लांबलचक नावं तिच्या जिभेवर बसेनात. नापास झाल्यामुळे माफीही एका सत्रापुरती थांबली. भावाला हे कळलं, तेव्हा तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो." तिने त्याचं ऐकून घेतलं, हातातली दोन सोन्याची वळी विकली आणि फी भरली. आई रोज सकाळी समोर पुस्तक धरून नसा विचारायची, स्वतः चुकीचं वाचायची आणि वर लेकीलाच रागवायची. फेरपरीक्षेत भिंगताई जेमतेम चार गुणांनी पास झाली.

माफी पुन्हा सुरू झाली. पुढच्या सत्राचे विषय लिहून घेताना विद्यापीठातले सल्लागार म्हणाले, "या वेळी एकच घ्या. झेपायला हवं."

"दोन लिहा," भिंगताई म्हणाली.

त्यांचं पेन हवेतच थांबलं. ती त्यांच्या पेनाकडे बघत राहिली, ते कागदाला टेकेपर्यंत.