आरशात दिसतोय तोवर

बाईंनी ट्रकचं दार उघडलं, पण आत बसायचं नाव नाही. चष्मा चढवून त्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला, ट्रक किती भार पेलेल ते सांगणारा पिवळा कागद वाचू लागल्या. बावीस वर्षं मी नेब्रास्कातल्या या हमरस्त्यावर ट्रक आणि त्यांच्यामागे जोडायचे राहण्याचे ट्रेलर विकतोय. तो कागद आपणहून वाचणारी गिऱ्हाइकं एका हाताच्या बोटांवर मोजावीत.

मी त्यांच्या नवऱ्यालाच पटवत होतो. "अठरा हजार पौंड ओढतो हा. तो पलीकडचा चाळीस फुटी ट्रेलर लावा याला, मागे काही आहे हे विसरून जाल."

"ओढेल हो," बाई कागदावरची नजर न काढता म्हणाल्या. "पण पाठीवर किती घेईल? इथे बावीसशे पौंड लिहिलंय. त्या ट्रेलरचं नाक ट्रकच्या मागच्या हौद्यात टेकलं की तेच तीन हजार. वर आम्ही दोघं, आणि ह्याची हत्यारांची पेटी. कर्टिस, तू ट्रक विकतोयस की मोडक्या स्प्रिंगा?"

खरं तर मी खोटं बोलत नव्हतो. आमच्या धंद्यात ओढायचाच आकडा सांगतात, आणि लोकही तोच विचारतात. मग नाकापेक्षा मोती जड होतो. ट्रकचं बूड खाली बसतं, पुढचे दिवे रस्ता सोडून आभाळ दाखवतात आणि ब्रेक लावताना माणसाला देव आठवतो.

बाईंचं नाव आर्लिस कुचेरा. एकतीस वर्षं त्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत बसल्या. मक्याचा ट्रक भरून आला की एक वजन, रिकामा निघाला की दुसरं. दोन पौंड इकडेतिकडे झाले तर शेतकरी त्यांच्याशी हुज्जत घालत नसत, आपल्या ट्रकवर संशय घेत. नवरा डेल गुरांचे ट्रक चालवायचे. मोंटानापासून टेक्सासपर्यंत त्यांनी एकही रस्ता सोडला नव्हता. त्यांनी पाहिलेला देश बाईंनी फोनवर ऐकला. निवृत्त झालो की सगळं तुला दाखवीन, असा डेल यांचा शब्द होता.

मी चाव्या डेल यांच्यापुढे धरल्या. "एक फेरी मारून बघा."

इथे माझी दुसरी चूक झाली. डेल यांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि चाव्या घेतल्या. त्या त्यांच्या बोटांत वाजत राहिल्या, थांबेचनात. मला कळलं. माझ्या काकालाही हाच कंपवात होता.

"गोळी घेतली की दोन तास हात ठीक असतो," डेल माझ्याकडे न बघता म्हणाले.

"आणि तिसऱ्या तासाला आपण डोंगरात असू," बाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षं चालवलंय मी, आर्लिस."

"ठाऊक आहे. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही ठाऊक आहे. तुलाही आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "मला एकटीला जोडता येईल, सोडता येईल आणि मागे घेता येईल असा ट्रेलर दाखव. आणि तो पाठीवर घेईल असा ट्रक."

"एकटीला?" डेल म्हणाले. "का? मी मेलोय का?"

ऑफिसात कॉफी राहिलीय असं काहीतरी पुटपुटून मला सटकायचं होतं, पण पाय हलले नाहीत.

"मेला असतास तर मी घरी बसले असते," बाई म्हणाल्या. "तुझ्याबरोबर जायचंय म्हणून तर या वयात शिकतेय."

डेल बराच वेळ त्या चाळीस फुटी ट्रेलरकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी चाव्या माझ्या हातात ठेवल्या. "दाखव तिला काय हवं ते."

सत्तावीस फुटी ट्रेलर निघाला. स्वयंपाकाला दोन हात जागा, पलंगाभोवती फिरताना पोट आत घ्यावं लागेल. डेल यांनी नाक मुरडलं. बाईंनी कपाटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या खाली वाकून टायर वाचत होत्या. ट्रक त्यांनी एक नंबर वरचा निवडला. त्याच्या पिवळ्या कागदावर एकोणचाळीसशे होते. बाईंनी मनात बेरीज केली आणि मान हलवली. मी दोन्ही जोडून मागच्या आवारात नेलं. तिथे प्लास्टिकचे लाल शंकू लावून आम्ही एक जागा आखून ठेवलीय.

आमच्याकडे ट्रेलर मुक्कामाला लावतात त्या मैदानांवर संध्याकाळी लोक खुर्च्या बाहेर काढून बसतात ते सूर्यास्त बघायला नव्हे, नव्याने आलेल्या जोडप्याचं ट्रेलर मागे घेताना होणारं भांडण बघायला. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे हातवारे करत, असा शिरस्ता. इथे बाई स्टिअरिंगवर बसल्या आणि डेल मागे जाऊन उभे राहिले.

"स्टिअरिंग खालून धर," ते ओरडले. "ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचंय तिकडे हात ने."

पहिला शंकू आडवा झाला. दुसऱ्यांदा दोन झाले. बाई खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "तू मला ये म्हणतोयस की थांब?"

"ये म्हणतोय."

"हात तर थांब म्हणतोय."

डेल यांनी हात खाली घेतला. मी पुढे होऊन म्हणालो, "मी उभा राहू का?"

"तू गप्प बस रे," दोघं एकदमच म्हणाले.

डेल चालत खिडकीपाशी गेले. "हाताकडे बघूच नकोस. ट्रक ड्रायव्हर कधी बघत नाहीत. मी डाव्या आरशात दिसतोय तोवर ये. दिसेनासा झालो की थांब."

"आणि मग?"

"मग खाली उतर आणि मी कुठे आहे ते बघ. अंदाजाने पुढे जायचं नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डावा आरसा नीट केला. खिडकीची काच खाली केली तशीच ठेवली.

ट्रेलर सरकू लागला. डेल पावलापावलाने मागे जात होते, हात खिशात. बूड शंकूंच्या मधोमध येत होतं. अर्ध्यावर आल्यावर डेल सरळ ट्रेलरच्या मागे जाऊन उभे राहिले.

ट्रक जागच्या जागी थांबला. बाई उतरल्या. इतक्या घाईने की दार उघडंच राहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. थांबतेस का ते बघत होतो."

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "पुन्हा असं करू नकोस."

"मी नाही करणार," डेल म्हणाले. "पण एकदा बघायला हवं होतं."

बाईंनी त्यांच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि परत स्टिअरिंगवर जाऊन बसल्या. यावेळी एकही शंकू पडला नाही. मी टाळ्या वाजवल्या. दोघांपैकी कोणीच दखल घेतली नाही.

गुरुवारी ते गाडी न्यायला आले. बाईंनी स्वतः जोडलं, खिट्टी ओढून पाहिली, साखळी लावली, दिवे तपासले. आधी शेजारच्या राज्यातल्या काळ्या टेकड्या, मग मोंटाना, असं डेल यांनी मला नकाशावर दाखवलं. कुठला चढ कुठे येतो, कुठे डिझेल भरायचं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. सह्या झाल्या, हस्तांदोलन झालं आणि डेल चालू लागले ते थेट डाव्या दाराकडे, ड्रायव्हरच्या.

बाई दोन पावलं मागे तशाच थबकल्या.

डेल यांनी दार उघडलं, ते दोन्ही हातांनी धरलं आणि बाई वर चढून बसेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग दार लावलं आणि बॉनेटवर हात टेकवत, समोरून वळसा घालून ते पलीकडे गेले.