मालनबाईंनी न उघडलेलं दार

मालनबाई साळवे पुंडलिकनगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. ब्लाउज शिवून त्यांचं भागे आणि रविवारचं छावणीतलं चर्च कधी चुकत नसे. स्वभावानं भित्र्या, पाल दिसली तरी पलंगावर चढायच्या. देवाकडे रोज सकाळी त्या एवढंच मागत, आज जे कोणी दाराशी येईल त्याच्याशी मला नीट वागू दे. बहुतेक वेळा दाराशी येत त्या बाह्या सैल करून मागणाऱ्या बायका.

त्या दुपारी तनुजा आली. वरच्या मजल्यावरची, त्यांच्याच चर्चमधली. अनवाणी, केस सुटलेले, खालचा ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलेलं.

"मावशी, दार लावा. आधी दार लावा!"

मालनबाईंनी कडी घातली. काय झालं हे विचारावं लागलं नाही. वरची आदळआपट त्यांनी ऐकलेली होती. तनुजा पलंग आणि कपाटाच्या सांदीत जाऊन बसली. जिन्यावरून पावलं उतरत आली आणि दारावर हलकेच टकटक झाली.

"सलाम, मावशी. तनुजा हाय का आत?"

राजेंद्रचा आवाज. तिचा नवरा. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, चर्चमध्ये पेटी वाजवायचा. नाताळात मालनबाईंच्या दारावर चांदणी टांगून द्यायचा. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि त्यामुळंच मालनबाईंनी कडी पुन्हा चाचपून पाहिली.

तनुजा तोंडावर हात दाबून मान हलवत होती. नाही म्हणा, नाही म्हणा.

"नाय म्हणत असाल तर जातो मी," तो बाहेरून म्हणाला. "तुम्ही खोटं बोलत नाय, सगळ्या मंडळीला ठाऊक हाय."

'नाय' हा शब्द मालनबाईंच्या जिभेवर आलाच होता. एवढ्यानं तो गेलाही असता. पण मग मारहाण झाकलीच गेली असती, आणि संध्याकाळी तनुजाला काही घडलंच नाही असं दाखवत वर जावंच लागलं असतं.

"हाय," त्या म्हणाल्या. आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही. "आत हाय ती. पण मी दार उघडणार नाय."



"मावशी, घरातली गोष्ट हाय ही. बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, हे तुम्हाला मी शिकवू का?"

"ओठ फाटलाय तिचा, राजेंद्र."

तेवढ्यात दारावर लाथ बसली. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. दुसऱ्या लाथेला कडीचा एक खिळा उचकटला. मालनबाईंना प्रार्थना आठवेना; तोंडातून नुसतं "प्रभू, प्रभू" निघत होतं. दोघींनी शिलाई मशीन ढकलत नेऊन दाराला लावलं. मालनबाईंनी पोलिसांना फोन केला. पत्ता सांगताना स्वतःच्याच गल्लीचा नंबर चुकला, पुन्हा सांगावा लागला.

गल्लीत ख्रिस्ती घरं मोजकीच. आपल्यावरून चर्चा नको, म्हणून मालनबाई आयुष्यभर दबक्या आवाजात बोलत आल्या होत्या. आता खिडकीचे गज धरून त्या ओरडल्या, "लक्ष्मीबाई! पळा वो! राजेंद्रनं तनुजाला मारलंय, आता माझं दार तोडतोय!"

समोरच्या लक्ष्मीबाई कणकेच्या हातानंच बाहेर आल्या. मागोमाग त्यांची सून सोनिया, मग आणखी बायका.

"काय रे, कुणाच्या दाराला लाथ घालतोस?"

राजेंद्रनं पाय खाली घेतला, शर्ट सारखा केला. "काय नाय काकू, जरा गैरसमज."

"ते बघू आमचं आम्ही. तू तिकडं सरक."

पोलीस आले तेव्हाच मालनबाईंनी कडीला हात घातला, तोही सोनियानं बाहेरून "मी हाय, मावशी" म्हटल्यावर.

पोलिसांनी राजेंद्रला नेलं, मालनबाईंनी जबाब दिला. तनुजा त्याच दिवशी भावाबरोबर माहेरी वैजापूरला गेली. राजेंद्र लवकरच जामिनावर सुटून परत वर राहायला आला. त्याची स्कूटर वाजली की मालनबाईंच्या हातून सुई पडायची. चर्चमध्ये काहींनी मालनबाईंचा सलाम घेणं सोडलं. घरातलं चव्हाट्यावर आणलं, म्हणे.

एका रविवारी चर्चमधली भक्ती संपल्यावर राजेंद्र त्यांच्या बाकापाशी आला.

"जबाब मागं घ्या, मावशी. आपल्याला माफ करायला शिकवलंय ना?"

मालनबाईंनी समोरचा बाक घट्ट धरला.

"माफीचं म्हणशील तर मी रोज प्रयत्न करते, बाबा. पण जबाब खरा हाय. तो मागं नाय घेणार."

तो निघून गेला. चर्च रिकामं होईपर्यंत मालनबाईंना उठता आलं नाही.

पुढं त्यानं खोली सोडली. तनुजा वैजापूरला एका औषधांच्या दुकानात लागली. खटला चालू आहे, आणि तारखेला मालनबाई जातात. भीती गेलेली नाही. संध्याकाळी भाजीला निघताना त्या आधी लक्ष्मीबाईंना हाक मारतात, मग दोघी मिळून बाजारात जातात.