शंभर टक्क्यांचा फोटो

परदेशातल्या लढाईत आपली फौज पाठवावी का, असा पोल शांती नगरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी कौस्तुभने टाकला. धडाधड 'हो' पडले. कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाचा भाचा बँकेत. खर्च काय, तर एक बोट, आणि तेही लगेच परत मिळत होतं.

'नाही' एकट्या वैजयंताबाईंचं. त्यांचा मुलगा संघर्ष फौजेत होता आणि त्याच्या पलटणीत, ठरलंच तर खुशीने कोण जाणार, म्हणून नावं मागवली होती. "तू म्हणशील तसं, आई," तो म्हणाला होता. बाईंनी अजून उत्तर दिलं नव्हतं.

संध्याकाळी कौस्तुभ दारात हजर.

"काकू, तुमच्या एका मतासाठी स्क्रीनशॉट अडलाय. शंभर टक्के झाले तर नगरसेवक स्वतः शेअर करणारेत."

"माझं पोरगं जाईल रे, तुझं नाही."

"अहो, आपल्या पोलवर सरकार फौज पाठवतंय होय? सरकारला आपल्या बिल्डिंगची गळती दिसत नाही!"

शेजारच्या हंसाबेन दारातूनच म्हणाल्या, "दबा दो ने, वैजुबेन. फोटो निकल गया के वापस 'ना' कर दो. कौन देखता है?"

हिशेब पटण्यासारखा होता. जनमताचे हिशेब पटण्यासारखेच असतात. बाईंनी 'हो' दाबलं, कौस्तुभने फोटो काढला, बाईंनी परत 'नाही' दाबलं. कौस्तुभ चहाला थांबला. जिंकलेला माणूस चहा सोडत नाही.

कप संपायच्या आत संघर्षचा फोन आला. सोसायटीची शान म्हणून कौस्तुभनेच त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं.

"आई, तुझं 'हो' बघितलं. साहेब समोरच होते, नाव देऊन टाकलं."

"अरे, ते फोटोपुरतं होतं!"

"कसला फोटो?"

"नाव मागे घे. आत्ताच्या आत्ता."

"सगळ्यांसमोर दिलंय. आता आई नको म्हणतेय, असं सांगू? पलटण जन्मभर हसेल गं."

बाईंनी फोन ठेवला.

"काय झालं, काकू?"

"त्याने नाव दिलं."

"अरे वा! मग आता ते 'नाही' तेवढं काढा. फौजीच्या आईचं बरं नाही दिसत."

बाईंनी फोन त्याच्यापुढे टाकला. "तूच दाब."

कौस्तुभने दाबलं. मग सत्कार शनिवारी ठेवायचा की रविवारी, याचा पोल टाकला. पहिला 'रविवार' हंसाबेनचा आला.