नकाराचं कलम

डॅडींचं स्वयंपाकघर आवरताना खालच्या कपाटात काचेच्या भांड्यांची एक चवड निघाली. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर एकच नाव: ब्रॅशियर्स.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की शेजारपाजारचे लोक असंच नाव लावलेल्या भांड्यांतून जेवण आणून देतात. डॅडी गेले तेव्हाही ओट्यावर जागा उरली नव्हती. ती भांडी मी ओळखून ओळखून परत केली होती. ही त्यांतली नव्हती. यांच्यावरच्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, कडा सुटलेल्या. म्हणजे ब्रॅशियर्सांच्या घरून डॅडींना वर्षानुवर्षं जेवण येत होतं. मी डॅडींबरोबर जेवायचे ती फक्त थँक्सगिव्हिंगला आणि नाताळला.

टेव्हियन ब्रॅशियर्स हा आमच्या लुईव्हिलच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान. सात फुटी, गुडघे झिजलेला, पण बास्केटखाली अजूनही भिंतीसारखा उभा राहणारा. डॅडी त्या संघाचे मॅनेजर. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता द्यायचा, हे ठरवणारे. मी त्यांच्याच हाताखाली, शेजारच्या खोलीत, खेळाडूंच्या पगारांचा हिशेब बघायचे. कुणी मॅनेजरची मुलगी म्हणून बोट दाखवू नये म्हणून ऑफिसात ते मला आडनावानं हाक मारत. "हॅस्केट, जरा इकडे ये." टेव्हियनला मात्र ते "लेका" म्हणत. अगदी लोकांसमोर.

आमच्या धंद्यात खेळाडूला विचारून कुणी त्याची अदलाबदल करत नाही. सकाळी आमचा असलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्याचा होतो आणि त्याच्या बायकोला ते टीव्हीवरून कळतं. टेव्हियनच्या शेवटच्या करारात मात्र डॅडींनी एक कलम घातलं होतं: त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठंही पाठवता येणार नाही. अख्ख्या लीगमध्ये असं कलम असलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतके. तो मसुदा मीच तयार केला. त्या दिवशी मला लेक्सिंग्टनचा घोड्यांचा बाजार आठवला होता. मी लहान असताना डॅडी जोडधंदा म्हणून घोडे विकत. मला ट्रकमध्ये बसवायचे, मागे ट्रेलर जोडलेला, इंजिन सुरू, आणि स्वतः गिऱ्हाइकांबरोबर तासन्‌तास उन्हात उभे. आई सोडून गेली होती, मला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून आणत असणार, एवढंच मला कळायचं. तुला यायचंय का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या करारात ते कलम नव्हतं.

डॅडींच्या जागी मला तात्पुरतं बसवल्यावर मालकीणबाई, मिसेस व्होइट, यांनी एकच काम सांगितलं. संघाचे पगार मर्यादेबाहेर गेले की लीग जबर दंड लावते, आणि आमच्या संघात सर्वांत जड करार टेव्हियनचा.

"गुरुवारी तीनला अदलाबदलीचा बाजार बंद होतो," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत त्याला काढ. जमलं तर ही खुर्ची तुझी. नाही जमलं तर बघू."

हे त्या वर्तमानपत्रवाल्यांशीही बोलल्या होत्या. त्यामुळे सगळ्या लीगला ठाऊक.

सॅन डिएगोचे मॅनेजर गिल मार्केटी, डॅडींचे जुने प्रतिस्पर्धी. त्यांचा उंच खेळाडू घोटा मोडून बसला होता, म्हणून टेव्हियन त्यांना हवाच होता. पण गुरुवारी सकाळी फोनवर त्यांचा सूर उपकार केल्यासारखा.

"पोरी, घेतो मी तुझा म्हातारा. पण सोबत काहीतरी दे. कॉलेजची मुलं निवडताना पहिल्या फेरीतला तुमचा नंबर, पुढच्या दोन्ही वर्षांचा."

"मिस्टर मार्केटी, गरज तुम्हालाही आहे."

"आहे की. पण माझ्या गरजेची बातमी पेपरात नाही आली, तुझ्या आली." ते हसले. "गरजवंताला अक्कल नसते, लेनी. तुझा बाप असता तर आत्तापर्यंत हो म्हणून जेवायला गेला असता. त्या ब्रॅशियर्सची सही घेऊन ये, मग बोलू."

दोन वर्षांचे नंबर म्हणजे संघाची पुढची फळी. द्यायला नको होते. तरी मी द्यायला निघाले होते. टेव्हियन या शहरातून जावा, त्या मैदानात डॅडींच्या रिकाम्या खुर्चीसमोर त्यानं उभं राहू नये, एवढ्यासाठी मला कोणताही भाव चालला असता. भांड्यांची चवड ट्रकमध्ये टाकली आणि त्याच्या घरी गेले.

दार त्याच्या आईनं उघडलं. मिस ओडेसांनी चवडीकडे बघितलं, वरचं भांडं उचलून आत डोकावल्या.

"रिकामी?"

"धुतलीत मी, मिस ओडेसा."

"धुतलेली दिसतायत गं. रिकामी का, ते विचारतेय. तुझा बाप, बर्ल, कधी रिकामं भांडं परत द्यायचा नाही. काही नाही तर बागेतले टोमॅटो." मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "ये, आत ये. तुला कुणी शिकवलंच नसेल."

टोमॅटो. आमच्या परसातले. मला वाटायचं, ते पक्षी खातात.

टेव्हियन स्वयंपाकघरात दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसला होता.

"उठत नाही, लेनी. उठलो की अर्ध्या गल्लीला हाडं ऐकू येतात."

"एकच विचारायला आलेय. तुला सॅन डिएगोला जायचंय?"

"जायचंय."

मी त्याच्या नकाराची तयारी करून आले होते. भांडायचीसुद्धा.

"ते यंदा जिंकतील," तो म्हणाला. "आपण नाही जिंकणार. एकदा तरी जिंकून घरी बसावं म्हणतो."

"मग सही कर. काम संपलं."

"थांब. गाडी सुरू ठेवून आलीस का?"

"काय?"

"मिस्टर बर्लनी सांगून ठेवलं होतं. शेवटच्या महिन्यात इथं याच खुर्चीत बसून. लेका, म्हणाले, माझ्यामागे लेनी येईल तुझ्याकडे. ती येईपर्यंत कुणाला हो म्हणू नकोस. मार्केटीची माणसं माझ्या एजंटला विचारून विचारून दमली, मी ब्र काढला नाही. आणि म्हणाले, ती आली की तिला विचार, गाडी सुरू ठेवून आलीस का?"

"मला कळत नाहीये."

"लेक्सिंग्टनचा बाजार," टेव्हियन म्हणाला. "घोडं विकायला आणलंय हे सगळ्यांना माहीत. पण ट्रेलर जोडलेला, इंजिन सुरू. म्हणजे भाव पटला नाही तर हा माणूस घोडं चढवून घरी जाईल, हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. माझं कलम म्हणजे तो ट्रेलर. मी आपला खूश, म्हातारा माझ्यावर जीव टाकतो म्हणून कलम दिलं. मला म्हणाले, जीव आहे तो वेगळा, लेका. हे कलम माझ्या कामासाठी आहे. तू नाही म्हणू शकतोस तोवर मला कुणी स्वस्तात लुबाडू शकत नाही."

मिस ओडेसा सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "त्या चेहऱ्याचंही सांग तिला."

"हां. ट्रकमध्ये एक पोरगी बसलेली असायची म्हणे. इतकी कंटाळलेली, इतकी चिडलेली, की गिऱ्हाईक तिच्याकडे बघायचं आणि वाटायचं, हा आता निघणारच. मला ते नेहमी सांगायचे, तू नकार बरा देतोस लेका, पण लेनीसारखा चेहरा तुला नाही जमत. तिनं मला त्या वर्षी घराचं छप्पर मिळवून दिलं."

मी म्हणाले, "हे त्यांनी तुला सांगितलं."

"हो."

"मी शेजारच्या खोलीत होते. इतकी वर्षं."

"तुला सांगितलं असतं तर चेहरा बिघडला असता," टेव्हियन म्हणाला.

तो बरोबर बोलत होता, आणि तो बरोबर बोलतोय याचाच मला राग आला. माझ्या बालपणातल्या त्या दुपारी, त्यासुद्धा याच घरात कुणीतरी जपून ठेवल्या होत्या. टोमॅटोसारखी.

मी तिथूनच मार्केटींना फोन लावला.

"तो नाही म्हणतोय. आम्ही ठेवतोय त्याला."

"हा! आणि तुझी मालकीण?"

"ती माझी अडचण. तुम्ही तुमचा घोटा बघा."

"लेनी, वेडेपणा करू नकोस. खुर्ची जाईल."

"जाईल तर जाईल." आणि फोन ठेवला. मिस ओडेसा मला ग्लासभर थंड चहा देऊन गेल्या.

"आता?" टेव्हियननं विचारलं.

"आता ट्रकमध्ये बसते."

अंगणात जाऊन इंजिन सुरू केलं. फेब्रुवारीची थंडी होती, काचेवर वाफ धरत होती. मालकीणबाईंचा फोन आला, मी घेतला नाही. मार्केटींचा आला, तोही वाजून वाजून थांबला. बघणारं कुणी नसताना मी तोंड वाकडं करून, समोर बघत बसले होते. डॅडी आता येतील, दार उघडून म्हणतील, झालं, चल, असं क्षणभर वाटलं. मग ते गेलं.

तिसऱ्या वेळी फोन घेतला.

"एक नंबर दे. एकाच वर्षाचा," मार्केटी म्हणाले.

"मी काही देणार नाही. तुमचाच द्या एक."

पलीकडे शांतता. डॅडी अशा वेळी बोलत नसत. मीही बोलले नाही. इंजिनाचा आवाज त्यांना ऐकू जात असणार.

"दुसऱ्या फेरीतला देतो," ते अखेर म्हणाले. "आणि सांग त्या गाढवाला सही करायला. देवा रे, तू अगदी बर्लची पोर आहेस."

हे वाक्य ऐकायला मी आयुष्यभर थांबले होते, आणि ते मार्केटींकडून आलं.

लीगच्या माणसासमोर फोनवरून दोन्ही बाजूंनी अटी वाचून दाखवायच्या, असा रिवाज आहे. टेव्हियनचं नाव मी वाचलं, त्याला कलम सोडायला मंजुरी आहे का विचारलं गेलं, आणि टेव्हियन त्याच्या स्वयंपाकघरातून दुसऱ्या फोनवर "आहे" म्हणाला. तीन वाजायच्या आत सगळं आटोपलं.

गाडी मागे घेताना वर बघितलं. तो खांबावर भार देऊन ओसरीत येऊन उभा होता. हात हलवला नाही. माझ्याकडे बघून त्यानं ओठ मुडपले, भुवया पाडल्या, मान एका खांद्यावर टाकली. जगाला कंटाळलेली, घरी जायला निघालेली आठ वर्षांची पोरगी.

त्यानं ती कधी पाहिली नव्हती. डॅडींनीच करून दाखवली असणार, किती वेळा कुणास ठाऊक. आणि त्याला ती माझ्यापेक्षा चांगली जमत होती.