साहेबांच्या केबिनातला एसी

"पडलं का बंद पुन्हा?" खिडकीच्या गजांत तोंड खुपसून तांड्यावरच्या बाबूसिंगनं विचारलं.

"पडलं न्हाई, पाडलं," रत्नपाल आतूनच म्हणाला. त्यानं सर्व्हरच्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. तापलेला तवा नुसता.

तहसील कचेरीतल्या जुन्या नोंदींचे कागद वाळवीनं कधीच खाल्ले. त्याआधी ते स्कॅन करून या एका डबड्यात कोंबले होते. आता कोणाच्या आज्या-पंज्याची जात काय, हे सांगायला तेवढंच उरलं होतं. डबडं गार राहावं म्हणून सरकारनं त्याला एसी दिला. उन्हाळा लागला तसा साहेबांनी तो 'चार दिवसांसाठी' केबिनात नेला. आता ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं, तरी ते चार दिवस काही सरले नव्हते.

रत्नपालनं पंखे बदलले, धूळ काढली, खिडकीला ओलं बारदान बांधलं. एसी परत लावा, हे साहेबांना सांगायची कोणाची छाती नव्हती. कंत्राटावरच्या रत्नपालनंच एकदा सांगून पाहिलं. "मशीनला काय घाम येतो का रे?" साहेब म्हणाले, आणि सगळी कचेरी हसली. नोंदींची दुसरी प्रत ठेवायला त्यानं डिस्क मागितली होती. ती मागणीही त्याच थंड केबिनात निजून होती.

आज रांगेत त्याची पोरगी ऐश्वर्या उभी होती. सरकारी नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. पंजोबाच्या नोंदीची शिक्क्याची नक्कल आज कॉलेजात पोचली नाही, तर जागा दुसऱ्याची. आणि सोमवारपासून हे डबडं तासभरसुद्धा धड चाललं नव्हतं.

रत्नपाल उठला, मच्छीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, घमेल्यात फोडली आणि मागं टेबलफॅन लावला.

"भाऊ, आत मासे ठेवले का काय?" रांगेतून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

पण सर्व्हर चालू झाला. पहिली नक्कल बाबूसिंगची निघाली. एकेक माणूस पुढं सरकू लागला. खिडकीशी आलेली रुख्मिणीबाई म्हणाली, "माह्या आधी तुह्या पोरीचं काढ ना बापा. तिची घाई हाय."

"काहून?" मागून आवाज आला. "आमी येडे म्हणून उभे हाव का?"

रत्नपालनं पोरीकडं पाहिलं. बोट बटणावरच होतं.

"लाइनीनं काढा, पप्पा," ऐश्वर्या म्हणाली. "फुकटचं घेतेत म्हणून आधीच लई बोलतेत आपल्याला."

त्यानं रुख्मिणीबाईचं नाव टाकलं. कागद अर्धा बाहेर आला आणि थांबला. आत टिक-टिक झालं, जळका वास सुटला. त्यानं मशीन बंद केलं, थांबला, चालू केलं. पुन्हा तेच. मग टिक-टिकही थांबली. मेलं ते डबडं. तालुक्याचे सगळे आजे-पंजे घेऊन मेलं.

साहेब केबिनातून आले. अंगात जाकीट.

"इथं एवढं गदमदतंय कसं?" मग त्यांना घमेलं दिसलं. "मशीनजवळ पाणी? ही कोणाची अक्कल?"

"माहीच. पण साहेब, एसी..."

"मी पाण्याचं विचारतोय."

"थेंब न्हाई लागला त्याला. हात लावून पाहा."

साहेबांनी हात लावला नाही. "पाण्यानं बिघडलं, असं वर कळवतो. तू उद्यापासून येऊ नकोस."

हसणारी कचेरी आता आपापल्या टेबलावर मान घालून बसली. एकाच्याही तोंडून एसीचा ए निघाला नाही. थू असल्या पगाराला.

रत्नपाल खिडकीशी गेला. "सर्व्हर बंद हाय," तो म्हणाला. रोज पुढं 'उद्या या' म्हणायचा. आज म्हणाला नाही.

रांग फुटली. बाबूसिंगनं आपली नक्कल घडी करून सदऱ्याच्या आत सारली, चोरून आणल्यासारखी. ऐश्वर्याकडं न बघताच तो निघाला.

रत्नपाल घमेलं उचलायला वाकला. ऐश्वर्या आत आली आणि तिनं दुसरा काठ धरला.

"दमानं, पप्पा. सांडलं तं म्हणतेन, जाता जाता फरशी बी नासवली."

दोघं बापलेक पावलापावलानं बाहेर आले. साहेबांच्या खिडकीखाली एसीच्या नळीतून गार पाणी ठिबकत होतं. त्या ओलीत एक कुत्रं डोळे मिटून पसरलं होतं. त्याला वळसा घालून दोघांनी घमेलं लिंबाच्या बुडाशी रिकामं केलं.